गोवर: शहरात ‘शून्य रुग्ण’ म्हणजे नक्की काय?

ऑक्टोबर २०२२ चा शेवटचा आठवडा. दिवाळी नुकतीच झाली होती. मुंबईतल्या गोवंडीच्या रफी नगरमध्ये अवघ्या ४८ तासांत तीन लहान मुलांचा मृत्यू झाला. ताप, अंगावर पुरळ, मग श्वासाचा त्रास. संशय गोवराचा होता.

त्यानंतर मुंबई महापालिकेची पथकं घरोघरी फिरू लागली आणि रुग्णांचा आकडा दिवसागणिक वाढत गेला. नोव्हेंबरमध्ये केंद्राचं पथक मुंबईत आलं. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावची नावं बातम्यांत आली. राज्य सरकारला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स नेमावा लागला.

तेव्हा सगळीकडे एकच वाक्य ऐकू येत होतं, ‘गोवर अचानक कुठून आला?’

खरं तर गोवर अचानक येत नाही. शहरात त्याची तयारी काही वर्षं चाललेली असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही. आता देशाने २०२६ च्या अखेरपर्यंत गोवर आणि रुबेला हद्दपार करायचं ठरवलंय. जिल्ह्याजिल्ह्यांतून ‘शून्य रुग्ण’ अशा बातम्या येताहेत. म्हणून हे शून्य कसं मोजतात आणि त्यावर किती विसंबायचं, हे समजून घेऊ.

आधी थोडं गोवराविषयी

गोवर विषाणूमुळे होतो आणि तो हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही हा विषाणू दोन तासांपर्यंत त्या हवेत राहू शकतो. संरक्षण नसलेली दहा माणसं रुग्णाच्या जवळ आली, तर त्यातल्या नऊ जणांना लागण होते. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. संसर्गजन्य आजारांत इतका वेग फारच थोड्यांचा आहे.

लागण झाल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप येतो, नाक वाहतं, डोळे लाल होतात, खोकला सुरू होतो. पुरळ उठतं ते साधारण चौदाव्या दिवशी. पण पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवत असतं. म्हणजे आईच्या लक्षात येईपर्यंत ते मूल अंगणवाडीत, लग्नात किंवा दवाखान्याच्या बाकावर बसून आलेलं असतं.

आपल्याकडे अजूनही ‘गोवर निघाला की बाहेर पडू द्यायचा, औषध करायचं नाही’ असं मानणारी घरं आहेत. बरीच मुलं बरी होतातही. पण कुपोषित मुलांमध्ये न्यूमोनिया आणि जुलाब जिवावर बेततात. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर डोळे जाऊ शकतात. म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात.

आणखी एक गोष्ट आहे. गोवर मुलाच्या शरीराची ‘आठवण’ पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गोवरानंतर मुलांमधली इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. म्हणजे गोवर बरा झाला तरी मूल पुढचा काही काळ बाकीच्या आजारांसमोर उघडं पडतं. त्या काळात न्यूमोनियाने मृत्यू झाला, तर तो गोवराच्या खात्यात लिहिला जाईलच असं नाही.

एका शहरातला गोवर मोजतात कसा?

सुरुवात अगदी साध्या प्रश्नाने होते. ताप आणि अंगावर पुरळ आहे का?

पूर्वी संशयित रुग्ण ठरवायला ताप-पुरळासोबत खोकला, वाहतं नाक किंवा लाल डोळे यांपैकी एखादं लक्षण लागायचं. आता ताप आणि पुरळ एवढं पुरेसं आहे. असं मूल दिसलं की आशा ताई, आरोग्य सेविका किंवा डॉक्टरांनी कळवायचं. मग रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिथे गोवर-रुबेलाची प्रतिपिंडं तपासली जातात. एका परिसरात चार आठवड्यांत पाच संशयित रुग्ण आढळले, तर उद्रेकाचा संशय धरून घरोघरी पाहणी सुरू होते.

इथे पहिली अडचण लक्षात घ्या. व्याख्या बदलली की आकडा बदलतो. जाळं मोठं केलं तर मासे जास्त सापडणारच. त्यामुळे एखाद्या शहराचा दहा वर्षांचा आलेख बघताना पहिला प्रश्न ‘आकडा का वाढला?’ हा नसावा. ‘मोजायची पद्धत तीच होती का?’ हा असावा.

दुसरी अडचण म्हणजे सगळी मुलं सरकारी यंत्रणेपर्यंत पोहोचत नाहीत. कोणी गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातं, कोणी मेडिकलवरून औषध आणतं, कोणी कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवून वाट बघतं.

शून्य दोन प्रकारचं असतं

समजा, दोन शहरं आहेत. दोन्हींनी वर्षभरात गोवराचे शून्य रुग्ण कळवले.

पहिल्या शहरात ताप-पुरळाची ६० मुलं सापडली. सगळ्यांचं रक्त तपासलं आणि एकालाही गोवर निघाला नाही. दुसऱ्या शहरात ताप-पुरळाचं एकही मूल नोंदवलं गेलं नाही, त्यामुळे तपासणीही झाली नाही.

कागदावर दोन्हीकडे शून्यच आहे. पण पहिलं शून्य शोधून मिळालेलं आहे आणि दुसरं न शोधल्यामुळे. लहान मुलांच्या अंगावर कुठल्या ना कुठल्या कारणाने पुरळ येतंच. डेंगी असेल, दुसरा एखादा विषाणू असेल, औषधाची ॲलर्जी असेल. लाखोंच्या शहरात वर्षभरात असं एकही मूल दिसलं नाही, तर याचा अर्थ कोणी पाहिलंच नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना एक वेगळा निकष वापरते. दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान दोन असे रुग्ण सापडायला हवेत, ज्यांची तपासणी झाली आणि ज्यांना गोवर किंवा रुबेला नाही हे सिद्ध झालं. ऐकायला विचित्र वाटतं, पण यंत्रणा जागी आहे की नाही हे ‘गोवर नसलेल्या’ रुग्णांवरून कळतं. पाच लाखांच्या शहराने वर्षाला असे किमान दहा रुग्ण दाखवले नाहीत, तर त्याच्या शून्यावर टाळ्या वाजवायची घाई करू नये.

जुने आलेख काय सांगतात?

एका ठिकाणच्या गोवराचा काळजीपूर्वक माग काढायचं काम जुनं आहे. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवर पोहोचला. तिथे ६५ वर्षं हा आजारच आला नव्हता. सुमारे ७,८०० लोकसंख्येपैकी ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले. डेन्मार्कने पीटर पानुम या तरुण डॉक्टरला तिथे पाठवलं. तो गावोगाव फिरला आणि कोण कधी कुणाला भेटलं, पुरळ कधी आलं, हे त्याने लिहून काढलं.

त्याच्या हाती दोन मोठ्या गोष्टी लागल्या. संसर्गापासून पुरळापर्यंत साधारण दोन आठवडे लागतात ही एक. आणि १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्या माणसांना तो पुन्हा झाला नाही ही दुसरी. एकदा झालेल्या गोवराचं संरक्षण जन्मभर टिकतं, याचा तो भक्कम पुरावा होता.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. तिथे १९४० पासून गोवराची नोंद करणं डॉक्टरांना बंधनकारक झालं. त्यामुळे लस येण्याच्या आधीचे लंडनचे दर आठवड्याचे आकडे उपलब्ध आहेत. १९५० नंतरच्या या आलेखात एक ठेका दिसतो, एक वर्ष मोठी साथ आणि एक वर्ष लहान. शाळांना सुट्टी लागली की रुग्ण कमी होतात आणि शाळा उघडल्या की वाढतात.

हे का होतं? मोठ्या साथीत बहुतेक मुलांना गोवर होऊन जातो आणि विषाणूला नवीन मुलं मिळेनाशी होतात. मग दोन वर्षांत नवी बाळं जन्माला येतात, संरक्षण नसलेली मुलं पुन्हा साठतात आणि ठिणगी पडते.

लंडनमध्येही निम्म्याच्या आसपासच रुग्ण नोंदवले जात होते. तरीही तो आलेख उपयोगी पडला, कारण नोंद होणारं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं बदललं नाही. म्हणजे मोजणी पूर्ण नसली तरी चालते. पण ती सातत्याने व्हायला हवी.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मॉरिस बार्टलेट यांनी १९५७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. लहान गावात साथ येते आणि विझते, पुढच्या साथीसाठी विषाणू बाहेरून यावा लागतो. पण शहर साधारण अडीच-तीन लाखांच्या वर गेलं की गोवर तिथे मुक्कामच करतो. रोज इतकी बाळं जन्माला येतात की त्याचं इंधन संपत नाही.

हा हिशेब लस नसतानाचा आहे. लसीकरण चांगलं असेल तर विषाणूला टिकायला कितीतरी मोठी वस्ती लागते. पण लसीकरण ढेपाळलं तर? २०११ च्या जनगणनेत मालेगावची लोकसंख्या सुमारे ४.८ लाख होती, भिवंडीची सुमारे ७ लाख. आणि गोवंडी-मानखुर्दचा समावेश असलेल्या मुंबईच्या एम-पूर्व या एकाच वॉर्डाची सुमारे ८ लाख. म्हणजे मुंबईचा एक वॉर्डसुद्धा गोवराला स्वतंत्र शहराइतका पुरतो.

मग २०२२ च्या आधी काय घडलं?

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यापुरते, काल्पनिक आहेत.

एका शहरात वर्षाला १०,००० बाळं जन्मतात. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. समजा, ९,००० बाळांना पहिला डोस मिळाला. नवव्या महिन्यात दिलेला डोस साधारण ८५ टक्के बाळांमध्ये काम करतो, म्हणजे १,३५० बाळांना लस घेऊनही संरक्षण मिळालं नाही. दुसरा डोस ८,५०० मुलांपर्यंत पोहोचला, तर यातली बहुतेक मुलं भरून निघतात आणि १५० च्या आत उरतात. त्यात एकही डोस न मिळालेली १,००० मुलं मिळवा. म्हणजे वर्षाला साधारण १,१०० ते १,१५० मुलं उघडी राहतात.

पहिला डोस ९० टक्के हा आकडा ऐकायला छान आहे. पण नऊ वर्षांत शहरात सुमारे १०,००० असुरक्षित मुलं साठलेली असतात, म्हणजे पूर्ण एका वर्षाच्या बाळांइतकी.

आता मध्येच एक वाईट वर्ष आलं असं समजा. पहिला डोस ७० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६० टक्क्यांवर. मग त्या एका वर्षातच ३,२०० च्या आसपास मुलं उघडी राहतात. जवळपास तीन वर्षांची बाकी एकाच वर्षात साठते.

कोविडने जगभर नेमकं हेच केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०२१ मध्ये जगातल्या सुमारे ४ कोटी मुलांचा गोवराच्या लसीचा डोस चुकला. अडीच कोटी मुलांना पहिलाच मिळाला नव्हता. आपल्याकडेही लसीकरणाची सत्रं थांबली, आरोग्य सेविका कोविडच्या कामाला लागल्या, कुटुंबं गावी गेली.

पण त्याच काळात गोवराचे आकडे मात्र छान दिसत होते! २०२१ मध्ये महाराष्ट्रात नोंदवलेले रुग्ण शंभराच्या आत होते आणि उद्रेक जेमतेम एक. शाळा बंद, प्रवास बंद, तोंडाला मास्क, त्यामुळे गोवरही कमी पसरला. शिवाय यंत्रणेचं सगळं लक्ष कोविडकडे होतं. आलेख खाली जात होता आणि असुरक्षित मुलांची संख्या वर. मग २०२२ मध्ये शहर पूर्ण उघडलं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत राज्यातले रुग्ण पाचशेच्या पुढे गेले आणि उद्रेक वीसच्या वर.

थोडक्यात, २०२१ चं समाधान देणारं वर्ष हेच धोक्याचं वर्ष होतं. रुग्णांचा आलेख झालेलं सांगतो. पुढे काय होणार हे लसीकरणाच्या नोंदींत दिसतं.

सरासरी कुठे फसवते?

२०२२ चा नकाशा पाहिला तर संपूर्ण मुंबईत सारखा गोवर नव्हता. गोवंडीसारख्या दाट वस्त्यांमध्ये तो एकवटला होता. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्ड सगळ्यांत तळाला होता, ०.०५ निर्देशांकावर. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं, कचऱ्याच्या डोंगराशेजारची वस्ती, रोजंदारी. लसीकरण सत्राला जायचं म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते. बाळंतपणाला गावी गेलेली बाई परत येते तेव्हा बाळाचं कार्ड एका राज्यात आणि बाळ दुसऱ्या राज्यात. त्यात लसीने ताप येतो ही भीती आणि अफवा.

‘लोक अडाणी आहेत’ म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण सकाळी दहाला सुरू होऊन दुपारी संपणारं सत्र ज्यांच्या कामाच्या वेळेतच असतं, त्यांचं काय? उद्रेकानंतर पथकं दारात पोहोचली आणि स्थानिक धर्मगुरूंना सोबत घेतलं, तेव्हा बरीच कुटुंबं लसीला तयार झाली. मग तो दरवाजा आधी का वाजला नाही, हा प्रश्न उरतोच.

केंद्राने तेव्हा दोन गोष्टी सुचवल्या. उद्रेकाच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या सगळ्या मुलांना एक जादा डोस. आणि जिथे दहा टक्क्यांहून जास्त रुग्ण ९ महिन्यांच्या आतले असतील, तिथे सहाव्या महिन्यापासूनच एक डोस. हा डोस मूळ दोन डोसांत धरला जात नाही. ते दोन पुन्हा वेळेवर द्यावेच लागतात.

सरासरीचा हा फसवा खेळ फक्त गरीब वस्त्यांचा नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात बालवर्गातल्या सुमारे ९४ टक्के मुलांचं गोवराचं लसीकरण झालेलं होतं. पण तिथल्या गेन्स काउंटीत ते ८२ टक्क्यांच्या आसपास होतं. २०२५ मध्ये तिथूनच भडकलेल्या साथीत राज्यात ७६२ रुग्ण झाले आणि दोन मुलं दगावली. विषाणू कमकुवत कोपरा शोधतो. राज्याची सरासरी त्याला अडवू शकत नाही.

२०२६ चं लक्ष्य गाठता येईल?

गोवराची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात १९८५ पासून आहे. दुसरा डोस २०१० पासून आला. २०१७ मध्ये गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये पोहोचली आणि शाळाशाळांमधून १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना लस दिली गेली. निर्मूलनाची तारीख मात्र सरकत राहिली. आधी २०२०, मग २०२३, आता २०२६.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी नव्या निर्मूलन मोहिमेची सुरुवात केली. तेव्हा दिलेल्या माहितीनुसार देशात पहिल्या डोसचं प्रमाण ९३.७ टक्के आणि दुसऱ्याचं ९२.२ टक्के होतं. जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये ३३२ जिल्ह्यांत गोवराचा एकही रुग्ण नव्हता.

हवेत ९५ टक्के, दोन्ही डोसांचे. म्हणजे दोन-तीन टक्क्यांचा फरक. पण वर सांगितलेल्या हिशेबानुसार हे दोन-तीन टक्के देशभर सारखे पसरलेले नसतात. ते काही वस्त्यांमध्ये, वीटभट्ट्यांवर, ऊसतोड कामगारांच्या तळांवर एकत्र आलेले असतात. त्या ३३२ जिल्ह्यांपैकी किती जिल्ह्यांचं शून्य ‘शोधून’ मिळालेलं आहे, हे त्या-त्या जिल्ह्याने किती ताप-पुरळाची मुलं तपासली यावर ठरेल. खरा आकडा तो आहे आणि बातम्यांत तोच सहसा नसतो.

शिवाय रुग्ण शून्य झाले म्हणजे लगेच प्रमाणपत्र मिळतं असंही नाही. चांगली देखरेख असताना स्थानिक प्रसार १२ महिने थांबला की निर्मूलन म्हणतात. त्याची अधिकृत पडताळणी ३६ महिन्यांनी होते.

तुम्ही काय करू शकता?

मुलाचं माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि गोवर-रुबेलाचे दोन्ही रकाने भरलेत का ते बघा. दुसरा डोस चुकला असेल तर ‘आता वय गेलं’ असं समजू नका. पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस सरकारी केंद्रावर मोफत मिळतो.

घरात कामाला येणाऱ्या ताईंच्या, बिल्डिंगच्या वॉचमनच्या मुलांचं कार्डही विचारा. गाव बदलल्यामुळे चुकलेले डोस बहुतेक तिथेच सापडतात.

ताप आणि पुरळ एकत्र दिसलं तर मुलाला शाळेत पाठवू नका आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. ते गोवर नसेल तरी कळवा. तुमच्या शहराचं शून्य खरं आहे की नाही, हे त्या एका नोंदीनेही ठरतं.

आणि पुढच्या वेळी ‘आमच्या शहरात गोवराचा एकही रुग्ण नाही’ असं कोणी सांगितलं, तर दोनच प्रश्न विचारा. तपासले किती? आणि लस राहिलेली मुलं कोणत्या वॉर्डात आहेत? रफी नगरच्या बाबतीत हे प्रश्न २०२१ मध्ये विचारता आले असते.